पान कुणाच्या हातात

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न गावभर फिरत असतो: "आयर्विनला किती झालं?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल आणि 'किती' म्हणजे किती फूट. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. हे आकडे सांगलीच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्यामुळे पुलापाशी उभ्या माणसाला फुटाची खूण दिसली की पुरतं. ४२ म्हणजे काय आणि ४६ म्हणजे काय, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हीच माहिती मोबाइलवर येते तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं असतं. वर एक बोधचिन्ह, त्याखाली ठळक अक्षरांत कार्यालयाचं नाव, मग 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की', मग धरणातल्या विसर्गाचा परिच्छेद, आणि सहाव्या-सातव्या ओळीत कुठेतरी, आजूबाजूच्या शब्दांइतक्याच बारीक अक्षरांत, पाण्याची पातळी. माहिती सगळी बरोबर असते. फक्त ज्यासाठी माणसाने फोन हातात घेतला ते शेवटी सापडतं. वाचणाऱ्याला आधी आकडा हवा, मग धोका पातळीपासून तो किती दूर आहे ते, मग पाणी चढतंय की उतरतंय, आणि ही नोंद किती वाजताची आहे. बाकीचं नंतर. हा क्रम ठरवणं म्हणजे डिझाइनचं निम्मं काम. त्या क्रमाला हायरार्की म्हणतात. आकार, जाडी, रंग, जागा आणि भोवतीची मोकळीक या पाच साधनांनी ती उभी करायची.

शब्द नवा वाटला तरी गोष्ट नवी नाही. कुठलीही लग्नपत्रिका घ्या. वर कुलदैवत, खाली निमंत्रकांची नावं, मधोमध सगळ्यात मोठ्या अक्षरांत वधू-वर, मुहूर्ताला वेगळी चौकट, आणि कोपऱ्यात चिमुकल्या अक्षरांत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' कोणता मजकूर किती मोठा, हे छापखान्यातला माणूस न विचारता लावतो. नेमका याच्या उलट कारभार वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. तिथे चाळीस शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो, आणि कुणाचाही चेहरा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लहान झालेला चालत नाही. सगळेच ठळक झाले की ठळक कुणीच राहत नाही. उत्सवमूर्ती कोण, हे शोधायला चौकात गाडी थांबवावी लागते.

या फ्लेक्समुळेच ग्राफिक डिझाइनमधली एक महत्त्वाची जोडी नीट समजते. कार्यकर्ता दुकानात येतो, साहेबांचा फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवतो आणि 'दहा फुटी करा' म्हणतो. समजा तो फोटो १२०० पिक्सेल रुंद आहे. पिक्सेल म्हणजे चित्रातला रंगाचा सगळ्यात लहान चौकोन. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने हा फोटो चार इंचांवर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर, झकास बसेल. दहा फूट म्हणजे १२० इंच. तिथे एका इंचाच्या वाट्याला जेमतेम दहा पिक्सेल येतात आणि प्रत्येक ठिपका अडीच मिलिमीटरचा होतो. लांबून बघायच्या फ्लेक्सला ३०० लागत नाहीत हे खरं, पण जवळ गेलं की साहेबांच्या गालावर चौकटी दिसायच्या त्या दिसतातच. इंचात किती ठिपके या मापाला रिझोल्यूशन म्हणतात. ठिपक्यांच्या अशा चित्राला रास्टर म्हणतात.

त्याच फ्लेक्सवरचं पक्षाचं चिन्ह मात्र धारदार दिसतं, कारण ते व्हेक्टर असतं. व्हेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात. 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणारी रेषा' असं गणित साठवलेलं असतं. नखाएवढं करा नाही तर इमारतीएवढं, गणित पुन्हा मांडलं जातं आणि कडा स्वच्छ राहते. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत कोरल ड्रॉ हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे तो याच कारणाने. 'कोरलची फाइल आहे का?' या प्रश्नाचा अर्थ, चित्र नको, रेषा द्या. लोगोचं मूळ कधीही जेपीईजीत, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रात, ठेवू नये, हा नियम इथूनच आला.

चित्र आणि मजकूर यांतला फरक त्याहूनही मोलाचा. त्यासाठी सांगलीहून मिरजेला जावं आणि दोनशे वर्षं मागे जावं. नाना फडणीसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरवून भगवद्गीता छापण्याचं काम हाती घेतलं होतं. १८०० साली नाना वारले. कोरणारा कारागीर पुढे मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ मध्ये ती गीता मिरजेत छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासात ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. ही खिळे जुळवून केलेली छपाई नव्हती. अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे कागदावर सुलटी उमटतात. पत्रा कोरून झाला की त्यातला एक शब्द उचलून दुसऱ्या ओळीत नेता येत नाही. वाचणाऱ्याला तो मजकूर दिसतो, पण छापणाऱ्याच्या लेखी ते पान म्हणजे एक अखंड चित्र.

पुराची सूचना जेपीईजी करून पाठवणारा माणूस नेमकं हेच करत असतो. त्या चित्रातला दूरध्वनी क्रमांक बोट लावून उचलता येत नाही. अंध व्यक्तीच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, तिथे नुसतं 'प्रतिमा' म्हणून पुढे सरकतो. आजोबांनी अक्षर मोठं करायला दोन बोटं फाकवली की ओळी पडद्याबाहेर जातात. जिवंत मजकूर शोधता येतो, उचलता येतो, मोठा करता येतो, वाचून घेता येतो. वेबसाइट तपासताना पहिली चाचणी म्हणूनच सोपी ठेवावी: महत्त्वाच्या ओळीवर बोट दाबून धरायचं. शब्द निवडला गेला तर तो मजकूर. नाही तर तांब्याचा पत्रा.

जिवंत मजकुराला अंगरखा लागतो तो फॉन्टचा. खिळ्यांच्या काळात एका वळणाच्या, एका मापाच्या अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट आणि त्या वळणाच्या सगळ्या कुटुंबाला टाइपफेस म्हणायचे. आता दोन्हींना सर्रास फॉन्टच म्हणतात आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. हाताने एकाच कामापुरती काढलेली अक्षरं मात्र फॉन्ट नव्हेत, ते लेटरिंग. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. मराठी नाटकांच्या जाहिरातीला पुढे स्वतःचा चेहरा मिळाला तो अशा लेटरिंगमुळे. कमल शेडगे यांनी कित्येक दशकं नाटकांची नावं काढली, प्रत्येक नाव त्या नाटकाच्या स्वभावाचं. वर्तमानपत्रात शीर्षकाची ती चार-पाच अक्षरं दिसली की नाटक विनोदी की गंभीर, हे नटांची नावं वाचायच्या आतच कळायचं. २०२० मध्ये शेडगे गेले. त्यांच्या एखाद्या शीर्षकातलं 'म' उचलून दुसऱ्या शब्दात बसवलं तर ते तिथे परकं दिसेल. फॉन्टमधलं 'म' कुठेही बसायला हवं. दोन वेगळ्या कला आहेत या.

देवनागरीचा फॉन्ट करणं हे रोमनपेक्षा फार कष्टाचं. काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं, वर-खाली दोन्हीकडे पसारा. जुळाऱ्याच्या पुढ्यात खिळ्यांचे शेकडो खण असायचे. संगणक आला तरी दुखणं लगेच गेलं नाही. सुरुवातीच्या मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच जागा बळकावल्या आणि तिथे आपली अक्षरं बसवली. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका दुकानात टाइप केलेली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की मराठीऐवजी रोमन चिन्हांचा चुरा दिसायचा, आणि अशा वेबसाइटवर काहीही शोधलं तरी सापडायचं नाही. युनिकोडने हे मिटवलं. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा आहे आणि प्रत्येक वर्णाचा क्रमांक जगभर एकच. जोडाक्षर कसं दिसावं, हे फॉन्टवर सोपवलं. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला. लाखो मराठी माणसांनी युनिकोडमधलं पहिलं 'अ' पाहिलं ते जोशींच्या हातचं.

मराठीला तरीही काही खास गोष्टी लागतात, आणि इथे बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतलेल्या वेबसाइटी हमखास घसरतात. सातारा जिल्ह्याच्या पर्यटनाबद्दल लिहिताना 'सह्याद्रीच्या दऱ्या' म्हणायचं असतं आणि फॉन्टला मराठीतला अर्धा र येत नसला की पडद्यावर 'दर्या' उमटतो. महाबळेश्वरला समुद्र येतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला आणि लेखन ठरवून दिलं, त्यात ती आहेत. फॉन्टात दोन्ही वळणं असतील तर योग्य ते निवडायला ब्राउझरला एवढंच सांगावं लागतं की हे पान मराठी आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या संहितेत, भाषेचा एक छोटा शेरा असतो, तो 'एमआर' असा भरायचा. तो इंग्रजीच ठेवून दिलेली मराठी पानं ढिगाने सापडतील. मग स्क्रीन रीडर मराठी वाक्य इंग्रजी आवाजात वाचू पाहतो आणि ऐकणाऱ्याला घाम फुटतो.

आणखी दोन ठिकाणी रोमनचे नियम मराठीला मारक ठरतात. इंग्रजी मथळे ऐटदार दिसावेत म्हणून अक्षरांमधली जागा वाढवतात, तिला लेटर स्पेसिंग म्हणतात. तीच आज्ञा देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे वाळत घातल्यासारखे लोंबतात. दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची, म्हणजे लाइन हाइटची. 'मूर्ती' हा शब्द पाहा: खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि रफार. इंग्रजीच्या मापाने घट्ट बसवलेल्या ओळीत वरचा रफार छाटला जातो किंवा वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतो. मराठीला अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडी अधिक ओळ द्यावी, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव गुदमरत नाही. आज 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेच्या 'मुक्ता' आणि 'बालू'सारखे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, त्यामुळे सबबीला जागा उरलेली नाही. याच संस्थेचा 'मोदक' नावाचा गुटगुटीत फॉन्ट आहे. अक्षरांमधल्या पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या, मथळ्यात बहारदार. त्यात कुणी अख्खी नियमावली छापली तर दुसऱ्या ओळीला डोळे दुखतील. असे फॉन्ट डिस्प्ले म्हणजे मथळ्याचे आणि मुक्तासारखे मजकुराचे, एवढी विभागणी ध्यानात ठेवली तरी अर्धे गोंधळ टळतात.

रंगाकडे वळताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतले भेद नीट दिसत नाहीत. अंशतः रंगांधळेपण. मग ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांच्या नांगरांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. रंग हुकला म्हणून महाराष्ट्राला लोखंडी नांगर मिळाला, असं म्हणणं जरा नाटकी होईल, पण फार खोटंही नाही.

डिझाइनच्या दृष्टीने यातला मुद्दा असा, की रंग न ओळखू शकणारी माणसं प्रत्येक वाचकवर्गात असतात आणि पुरुषांत त्यांचं प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त असतं. लाल म्हणजे बंद आणि हिरवं म्हणजे चालू, एवढ्यावरच सूचना उभी केली तर ती या माणसांपर्यंत पोहोचत नाही. सोबत शब्द किंवा आकार हवाच. दुसरं मोजमाप उजळ-गडदपणाचं. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो चक्क आकड्यात काढता येतो. पांढऱ्यावर काळं, म्हणजे २१ ला १. याहून जास्त शक्य नाही. वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांप्रमाणे बारीक मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मथळ्याला ३ ला १ लागतो.

हे गणित सांगलीच्या हळदीच्या पाकिटावर लावून बघू. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पाकिटं पिवळी असणं ओघाने आलंच. भडक पिवळ्यावर पांढरी अक्षरं घातली तर पडद्यावर कॉन्ट्रास्ट येतो जेमतेम १.०७ ला १. म्हणजे अक्षरं नाहीतच म्हणा. पिवळ्यावर काळं घातलं की तोच १९ च्या वर जातो. आणि हळद-कुंकू? शुद्ध पिवळ्यावर शुद्ध लाल घातलं की आकडा ३.७ च्या आसपास निघतो. मोठ्या अक्षरांतल्या नावाला हे चालतं. मागच्या बाजूच्या वजन-किंमत-मुदतीच्या बारीक ओळींना चालत नाही. लाल थोडा काळपट, डाळिंबी केला की प्रश्न सुटतो आणि मांगल्यही जात नाही.

पडद्यावरचा पिवळा आणि पाकिटावरचा पिवळा मात्र एक नसतात. पडदा स्वतः उजेड फेकतो: लाल, हिरवा, निळा हे तीन दिवे, त्यांना आरजीबी म्हणतात. तिथे पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दिवा पूर्ण लावलेला. छपाईत उजेड कागदावरून परत येतो आणि शाई त्यातला काही भाग गिळते. तिथे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, म्हणजे सीएमवायके, ज्याला छापखान्यात 'फोर कलर' म्हणतात. पडद्यावरचे सगळेच चमकदार रंग या चार शायांतून निघत नाहीत. 'मोबाइलवर असा दिसत नव्हता' ही गिऱ्हाइकाची तक्रार त्यामुळे खोटी नसते. प्रूफ कागदावर पाहिल्याशिवाय सही करू नये एवढाच तिच्यावरचा उपाय. आणि पाकिटाची किनार कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर सोडतात. तो ब्लीड.

किर्लोस्करवाडीत रंगाची बाजू सांभाळायला लक्ष्मणरावांचे पुतणे होते. शंकरराव किर्लोस्कर, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे शंवाकि, चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेले, पंडित सातवळेकरांचे लाहोरमधले विद्यार्थी. कारखान्याची जाहिरात त्यांच्याकडे आली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असा समज होता त्या काळात हे काम सोपं नव्हतं. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे नियतकालिक वाढत वाढत १९२९ मध्ये 'किर्लोस्कर' झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याला जोडून आली. संपादक स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. नांगर, मासिक, जाहिरात या सगळ्यांतून एकाच घराची ओळख पटली पाहिजे, याला आज ब्रँडिंग म्हणतात आणि त्याचे अभ्यासक्रम असतात. लोगो हा त्यातला फक्त एक तुकडा. नेमका तेवढाच तुकडा मागायला लोक डिझायनरकडे येतात, 'दोन हजारांत होईल ना?' म्हणून.

लोगोबद्दल एक सातारी उदाहरण. रयत शिक्षण संस्थेची स्थापना कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी केली आणि तिचं बोधचिन्ह वटवृक्ष. कल्पना उत्तम. पारंबी जमिनीत रुजून स्वतःच खोड होते, शाखांचं याहून चांगलं चित्र कुणाला सुचणार? शाळेच्या कमानीवर, प्रमाणपत्रावर तो वड डौलात उभा राहतो. पण वेबच्या जगात चिन्हाला ब्राउझरच्या टॅबवरही बसावं लागतं आणि ती जागा असते १६ गुणिले १६ पिक्सेलची. तिला फॅव्हिकॉन म्हणतात. २५६ चौकोनांत पारंब्या काढायच्या कशा? कुठल्याही बारकाव्याच्या चिन्हाची तिथे गाठोड्यासारखी गोळी होते. म्हणून डिझायनर एका चिन्हाच्या दोन-तीन आवृत्त्या करतात: मोठ्या जागेला सगळ्या पारंब्यांसह, मधल्या जागेला चार ठळक रेषांत, आणि टॅबसाठी निव्वळ खोड आणि छत्री.

आता पानाच्या मांडणीसाठी साताऱ्यातल्याच वाईला जाऊ. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली इथून चाललं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. हे खंड उघडून फक्त मांडणी बघत बसावं इतकी ती शिकवणारी आहे. पान दोन स्तंभांचं. एवढ्या रुंद पानावर सलग ओळ गेली असती तर डोळा ओळ संपवून परत येताना वाट चुकला असता. स्तंभ केला की उडी लहान होते. पानाची अशी अदृश्य उभ्या-आडव्या रेघांत केलेली विभागणी म्हणजे ग्रिड. वाचकाला ती दिसत नाही, पण चित्र, तक्ता, शीर्षक सगळं तिच्या रेघेला धरून बसतं. नोंद संपून दुसरी सुरू होते तिथली मोकळी जागा, समास, स्तंभांमधली फट या सगळ्याला व्हाइट स्पेस म्हणतात. ती वाया गेलेली जागा समजून तिथे एखादी जाहिरात खुपसणारे मालक सगळीकडे भेटतात. आणि खंडांच्या नावांत तर नेव्हिगेशनच आहे. पहिला खंड 'अंक' ते 'आतुरचिकित्सा'. 'आंबा' हवा तर कुठला खंड काढायचा, हे कपाटासमोर उभ्या उभ्या कळतं.

सगळ्यात मजेदार गोष्ट त्या नोंदींमधले बाण. मजकुरात मध्येच कंस येतो, त्यात बाण आणि दुसऱ्या नोंदीचं नाव. इथे पुरेसं सांगितलं नाही, तिकडे जा. नोंदीच्या शेवटी 'पहा :' म्हणून आणखी नावं. वाचक एक खंड बाजूला ठेवतो, दुसरा काढतो, तिथून तिसरा. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधन संस्थेत १९८९ मध्ये जो प्रस्ताव मांडला आणि १९९१ पर्यंत ज्याची वेब झाली, त्याच्या मुळाशी हाच बाण आहे. फरक एवढाच की बाणावर बोट ठेवलं की तो खंड स्वतःच उघडतो. त्याला हायपरलिंक म्हणतात. विश्वकोशाचे खंड २०११ पासून इंटरनेटवर येऊ लागले तेव्हा वाईच्या बाणांना दुवे होणं जड गेलं नाही. ते जन्मापासून दुवेच होते.

दोन स्तंभांचं मात्र तसं नव्हतं. छापील पान वाईत जसं ठरलं तसंच जतच्या वाचनालयात आणि पाटणच्या शाळेत पोहोचतं. कागद तेवढाच, अक्षर तेवढंच, शाई तीच. वेबचं पान पोहोचतं तेव्हा ते कुठे उघडणार हे करणाऱ्याला ठाऊक नसतं: कार्यालयातल्या रुंद पडद्यावर, की ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर, की अक्षर दुप्पट करून वाचणाऱ्या आजींच्या टॅबवर. कागदावरचं पान करणाऱ्याच्या हातात असतं आणि पडद्यावरचं वाचणाऱ्याच्या. रंग, अक्षर, क्रम, मोकळीक हे सारं छापखान्याने आधीच शिकवलं होतं. वेबने खरोखर नवीन आणलं ते हे पान हातातून सुटणं. छपाईतून वेबकडे आलेल्या माणसाला पहिले सहा महिने हेच पचत नाही. तो विचारतो, 'ही ओळ इथेच तुटली पाहिजे, कशी करू?' आणि उत्तर असतं, 'नका करू.'

म्हणून वेबवर मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र, अशी नुसती ओळख एचटीएमएल करून देते. शीर्षक केवढं, कुठल्या रंगाचं, किती अंतरावर, हे सीएसएस सांगते. होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये ती सुचवली, १९९६ च्या डिसेंबरात तिचा पहिला मानक मसुदा मंजूर झाला. इथे एक खोड मोडावी लागते: अक्षर नुसतं मोठं आणि ठळक केलं म्हणजे शीर्षक होत नाही. दिसायला झालं तरी स्क्रीन रीडरच्या आणि सर्च इंजिनच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हा शब्द रूढ केला. पडदा अमुक रुंदीपेक्षा अरुंद झाला की दोन स्तंभांचा एक करा, मेनू घडीत घाला, चित्र आखडा, अशा अटी आधीच लिहून ठेवायच्या. ज्या रुंदीला मांडणी बदलते तो ब्रेकपॉइंट. अलीकडे बहुतेक जण उलट्या दिशेने निघतात: आधी फोनचं पान, मग मोठ्या पडद्याचं. याला मोबाइल फर्स्ट म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा दर बघणारा शेतकरी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली पडदा घेऊन उभा असतो. त्याच्यासाठी 'आजचा दर' हे बटण अंगठ्याएवढं आणि पडद्याच्या खालच्या निम्म्यात असायला हवं. पान दिसतं कसं, हा यूआयचा प्रश्न; उन्हात, घाईत, धुळीच्या हाताने ते वापरता येतं का, हा यूएक्सचा. दोन्ही शब्द जोडीने घेतात म्हणून लोकांना ते एकच वाटतात.

हे सगळं संगणकावर रंगवायच्या आधी कागदावर चौकोन काढून बघतात. वरचा चौकोन म्हणजे शीर्षक, फुली मारलेला चौकोन म्हणजे चित्र, तीन रेघा म्हणजे मजकूर. हा वायरफ्रेम. रंग-फॉन्टसकट केलेलं हुबेहूब चित्र म्हणजे मॉकअप, आणि बटणं दाबून पाहता येणारा नमुना म्हणजे प्रोटोटाइप. गिऱ्हाइकाला थेट मॉकअप दाखवला की बैठक निळा गडद हवा की फिकट यावरच संपते आणि दराचं बटण कुठे असावं हा प्रश्न तसाच राहतो. चौकोन दाखवणं म्हणूनच शहाणपणाचं.

राहतो प्रश्न चित्रांचा. फोनने काढलेला फोटो सहज चार-पाच मेगाबाइटचा असतो. तो जसाच्या तसा चढवला तर आटपाडीच्या वाडीवस्तीवर किंवा कोयनेच्या खोऱ्यात पान उघडेपर्यंत चहा होतो. पडद्याच्या मापाला आखडून आणि वेबपी या प्रकारात दाबून तोच फोटो दीड-दोनशे किलोबाइटमध्ये बसतो आणि फरक डोळ्याला कळत नाही. तरीही चित्र उघडलंच नाही, किंवा बघणाऱ्याला दिसतच नाही, तर त्या जागी वाचायला काही ओळी द्याव्या लागतात. त्यांना ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. औंधच्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. खटाव तालुक्यातल्या एका गावात मूर, हे वाचून परगावचा माणूस दोनदा खात्री करून घेतो. त्या शिल्पाच्या छायाचित्राला 'फोटो १' असा ऑल्ट टेक्स्ट दिला तर स्क्रीन रीडर इमानेइतबारे 'फोटो एक' म्हणेल. 'शिल्प' लिहिलं तर थोडं बरं. 'हेन्री मूर यांचं शिल्प, मुलाला धरलेली आई, श्री भवानी संग्रहालय, औंध' एवढं लिहिलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं. चित्राभोवतीच्या नक्षीच्या किनारीला मात्र ऑल्ट टेक्स्टची जागा मुद्दाम रिकामी सोडतात. ती रिकामी दिसली की स्क्रीन रीडर किनारीबद्दल अवाक्षरही न काढता पुढच्या ओळीवर जातो.